न काढलेला एक्स-रे

माझ्या धाकट्या बहिणीने कुत्री घेतली तेव्हा कुत्रीसोबत एक फाईल आली. कुत्रीची फाईल! निळी, आत प्लॅस्टिकचे कप्पे. आम्ही दोघी करडीला बाबांकडे आलो होतो. ते काळं पिल्लू अंगणात कोंबड्यांच्या मागे धावत होतं आणि बहीण खाटेवर बसून बाबांना फाईल दाखवत होती. हा पिल्लाच्या आईच्या खुब्याचा एक्स-रे, हा बापाच्या. लॅब्राडोर जातीत खुब्याचा दोष आईबापाकडून उतरतो म्हणे, म्हणून पिल्लं घेण्याआधी दोघांचे खुबे तपासतात आणि शाळेसारखी श्रेणी देतात, चांगल्याला ए, मग बी, मग सी. बाबा एक्स-रे उन्हाकडे धरून पाहत होते. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण धाकटीने आणलंय म्हटल्यावर ते पाहणारच.

"माह्या लग्नात माही एवढी चौकशी नोती झाली," मी म्हटलं.

कोणी हसलं नाही. बाबा फक्त म्हणाले, "लहानीचं काम पक्कं असते."

आमच्या दोघींत सहा वर्षांचं अंतर. ती जन्मली त्या हंगामात बाबांची बैलजोडी शंकरपटात पहिली आली होती. बैलांच्या शर्यतीचा बाबांना भारी नाद, त्यामुळे पोरगी पायगुणाची आहे हे त्यांनी तेव्हाच ठरवून टाकलं. मी जन्मले तेव्हा काय झालं होतं, असं मी एकदा विचारलं. बाबा बराच वेळ आठवत राहिले, मग म्हणाले, "तवा आपली बोडी फुटली होती." शेतातलं तळं फुटलं आणि मी आले. त्यांनी ते वाईट मनाने सांगितलं नव्हतं, विचारलं म्हणून सांगितलं.

पुढे ती बाबांच्या खांद्यावर बसून पट पाहायला जायची आणि मी आईसोबत चिखलात वाकून भाताची रोवणी करायची. ती शिक्षिका झाली, भंडाऱ्यात घर बांधलं. मी आरोग्य सेविका झाले आणि सानगडीकडच्या एका उपकेंद्रात लागले. नोकरी माझीही सरकारी, पण बाबा गावात सांगताना "माही लहानी मास्तरीण हाय" असं सांगतात, आणि मग कोणी विचारलंच तर, "मोठी सुया टोचते." हे सगळं मी हसत हसत सांगते, लोकही हसतात. आत मात्र जळतं, हे आज लिहूनच टाकते.

तर त्या फाईलनंतर चार महिन्यांत माझ्या दारातही लॅब्राडोर होता. आमच्या भागातल्या एका डॉक्टरांची बदली झाली, त्यांच्याकडे पिवळं पिल्लू होतं, नवीन ठिकाणी ठेवायला जागा नव्हती. मी हात पुढे केला. नवरा म्हणाला, "आपल्याले काय करायचा आहे कुत्रा?" मी म्हटलं, घराला राखण. लॅब्राडोर कधी राखण करत नाही हे मला तेव्हाही माहीत होतं. डॉक्टरांना मी एकदा विचारलं, याचे आईबाप कसे? ते म्हणाले, "लॅब्राडोरच होते हो, अजून काय." फाईल वगैरे नव्हती. मला नकोच होती.

पिवळा झपाट्याने वाढला. लहानपणी धावताना तो मागचे दोन्ही पाय एकदम उचलायचा, सशासारखा. मी व्हिडिओ काढून घरच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी हसण्याची चित्रं टाकली, बहिणीने मात्र लिहिलं, "ताई, हा दोन्ही पाय जोडून काहून उडते?"

मी लिहिलं, "खुशीत आहे म्हणून."

मला ते तिचं नेहमीचं खुसपट काढणं वाटलं. माझ्याकडे चांगली वस्तू आली की तिला तिच्यात काहीतरी दिसणारच, असं मी नवऱ्याला म्हटलं. तो म्हणाला, विचारलं फक्त बिचारीनं. मी त्याच्याशीही दोन दिवस नीट बोलले नाही.

पिवळा दीड वर्षाचा झाला तेव्हा बाबा आमच्याकडे चार दिवस राहायला आले. एका सकाळी ते ओट्यावर चहा पीत होते आणि पिवळा अंगणातून फाटकापर्यंत चालत गेला. चांगलाच वजनदार झाला होता, दोन वेळचा भात, वर अंडी. चालताना त्याचा मागचा भाग डावीकडे-उजवीकडे डुलायचा. बाबांनी कप खाली ठेवला. पटाच्या बैलाचे पुठ्ठे, पाय, चाल बघून जोडी निवडणारा माणूस, त्याने माझ्या कुत्र्याकडे तशीच नजर लावली.

"वा वा," बाबा म्हणाले. "पाह्य कसा चालून राहिला. मालगुजारावानी ऐटीत! लहानीची कुत्री चांगली हाय, पण ते बकरीवानी तुरुतुरु चालते. याच्यापुढं ते काहीच नाही."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, हाताला पीठ. माझं वय त्या वेळी एकोणपन्नास होतं आणि तिच्यापेक्षा माझं काही चांगलं आहे असं बाबांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. त्या दिवशी पिवळ्याला चार अंडी घातली.

आता माझ्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे सिकलसेल फार. रक्ताचा आजार, आईबापाकडून लेकरात उतरतो. नुसत्या वाहकाला सहसा काही त्रास नसतो, चांगला धडधाकट असतो, पण दोन वाहकांचं लग्न झालं की लेकराला तो आजार पूर्ण होण्याची भीती असते. म्हणून आम्ही बोटाला सुई टोचून तपासतो, कार्ड देतो आणि घरोघरी सांगतो की सोयरिक जुळवण्याआधी पोराचं आणि पोरीचं कार्ड समोरासमोर ठेवा. पंधरा-वीस वर्षं मी हे करते आहे. शिव्या खाल्ल्या आहेत. "आमच्या घराण्यात खोट नाही, चाल निघ," असं म्हणून एका म्हाताऱ्याने मला फाटकाबाहेर काढलं होतं. मी बाहेरून त्याला ओरडून सांगितलं होतं, "आजोबा, दिसायले चांगलं असणं अन् रगत चांगलं असणं, ह्या दोन वेगळ्या गोष्टी होत!" त्या वाक्याचा मला अभिमान होता. मीटिंगमध्ये नव्या मुलींना मी तो किस्सा नेहमी सांगायची.

आणि मग बहिणीचा फोन आला.

"ताई, काळीचं एक वेत घ्यावं म्हणते. एकच. बाबाईलेही पिल्लू पायजे. तुह्या पिवळ्याशिवाय दुसरा मले नाही पायचा."

माझा जीव सुपाएवढा झाला. तिला माझ्याकडून काहीतरी हवं होतं. असं किती वेळा झालं असेल आयुष्यात? मी म्हटलं, घेऊन ये ना केव्हाही.

"हो. फक्त एक कर. त्याच्या खुब्याचा एक्स-रे काढून घे. नागपूरला होते. काळीचा मी एक वर्षाची झाल्याबरोबर काढला, ए निघाला. त्याचाही एकदा पाहून घेऊ."

"काहून? माह्या कुत्र्यात तुले खोट दिसून राहिली काय?"

"खोट नाही व. दिसायले चांगला असला तरी आत काय हाय ते फोटोतच दिसते. तूच तर सांगतं लोकाईले."

मला दुप्पट राग आला. माझंच वाक्य माझ्या तोंडावर, तेही तिच्याकडून, आणि ते बरोबर होतं. मी एवढंच म्हटलं, "काढते." फोन ठेवल्यावर नवऱ्यासमोर अर्धा तास बडबडले. बाबांनी पाहिला आहे, जन्म गेला त्यांचा जनावरं पारखण्यात, त्यांना चाल पसंत पडली, आणि हिला फोटो पाहिजे. नवरा म्हणाला, "काढून टाक ना. कुत्रा चांगला आहे तर चांगलाच निघेल." त्याला या घरातल्या गोष्टी कधीच कळल्या नाहीत.

मी एक्स-रे काढला नाही. वेळ नव्हता असं म्हणता येईल, लसीकरण होतं, सर्वे होता. कुत्र्याला भूल द्यावी लागते, नागपूरपर्यंत गाडी करावी लागते. पण ही सगळी कारणं मी नंतर जमवली. खरं म्हणजे ती सांगते म्हणून मला करायचं नव्हतं. बाबांनी दिलेला शेरा मी तिच्या डॉक्टरकडे तपासायला नेणार नव्हते.

दीड-दोन महिन्यांनी तिचा पुन्हा फोन. काळी माजावर आली होती, दिवस मोजूनच आणावी लागते, उशीर करून चालत नाही.

"काढला का एक्स-रे?"

"काढला."

"काय निघालं?"

"चांगला निघाला. ए."

"फोटो पाठवजो न."

"फिल्म तिकडंच राहिली. आणायची विसरली."

मला वाटलं ती अडून बसेल. तिने फाईलचा कप्पासुद्धा रिकामा ठेवला असणार त्या फिल्मसाठी. पण ती म्हणाली, "बरं, राहू दे. तू म्हणतं त बरोबरच असन. रिपोर्टातलं तुले माह्यापेक्षा जास्त कळते." आणि दुसऱ्या विषयावर गेली.

मादीला नराच्या घरी आणायची रीत आहे. ती काळीला गाडीत घालून आमच्याकडे आली. पिवळ्यासाठी नवीन लाल पट्टा आणला होता, "जावयाले काहीतरी द्याव लागते" म्हणून. मी वडे केले. अंगणात जे व्हायचं ते झालं, मग दोन्ही कुत्री बराच वेळ एकमेकांना अडकून उभी राहिली, तसंच असतं ते, आणि आम्ही दोघी बहिणी ओट्यावर पाठ करून बसलो आणि आईच्या वेळच्या गोष्टी काढत राहिलो. छान गेला तो दिवस. खोटं बोलून एखादा दिवस इतका छान जाऊ शकतो, याचं मला आजही नवल वाटतं.

सात पिल्लं झाली. नराच्या मालकाला पहिली निवड मिळते, हीसुद्धा रीत. मी भंडाऱ्याला जाऊन सगळ्यात मोठं, सगळ्यात पिवळं पिल्लू निवडलं आणि म्हटलं, हे बाबांना माझ्याकडून. म्हणजे पिल्लं तिच्या घरी जन्मली तरी करडीच्या अंगणात माझ्या कुत्र्याचं पोर फिरणार होतं आणि बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला माझं नाव सांगणार होते. बाकीची सहा भंडारा-तुमसरच्या ओळखीच्या घरांत गेली, बरीचशी तिच्या शाळेतल्या शिक्षकांकडे. प्रत्येकाला तिने सांगितलं होतं, आईचा आणि बापाचा, दोघांचेही खुबे तपासलेले आहेत.

पिल्लं सात महिन्यांची झाली असतील. बहिणीचा भर दुपारी फोन आला, शाळेच्या वेळात ती कधी करत नाही. रडत होती. तिच्या शाळेतल्या एका बाईंचं पिल्लू बसलं की उठत नव्हतं. एक्स-रे काढला तर दोन्ही खुबे खराब. आणि त्याच आठवड्यात तुमसरचं दुसरं.

"खोट माह्या काळीत हाय, ताई," ती म्हणाली.

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुह्या पिवळ्याचा त चांगला निघाला होता. काळीचाही चांगला होता, पण डॉक्टर म्हणते कधी कधी मागून येते, आजा-आजीकडून. मी फाईल पुन्हा पायली. काळीच्या आजीचा रिपोर्टच नाही त्याच्यात. मी तवा विचारलंच नाही. मले वाटलं आईबाप पायले म्हणजे झालं."

त्या क्षणी मी बोलू शकत होते. एक वाक्य होतं फक्त. मी म्हटलं, "असं होते कधी कधी. मनाले लावून नको घेऊ."

आणि मग जे झालं ते लिहायला मला जड जातं. फोन ठेवला, चहा केला, खुर्ची अंगणात घेतली आणि मला बरं वाटलं. नुसतं बरं नाही, गोड वाटलं. एवढी फाईल, एवढे कप्पे, आणि खोट तिच्या कुत्रीत. मला माहीत होतं की खोट कुठे असण्याची शक्यता जास्त आहे. तरीही गोड वाटलं. माणूस स्वतःचंच खोटं किती पटकन खरं मानतो, हे मी घरोघरी फिरून पाहिलं होतं, स्वतःच्या बाबतीत पाहायचं राहिलं होतं.

संध्याकाळी बाबांचा फोन. मी मुद्दाम स्पीकर लावला, नवऱ्यालाही ऐकू जावं म्हणून.

"लहानीनं फाईल-फाईल केलं अन् पाह्य काय निघालं," बाबा म्हणाले. "तुह्या कुत्र्याचं रगत साफ हाय. मी त चालीवरूनच सांगतलं होतं."

त्यानंतरचे पाच-सहा आठवडे बाबा मला आधी फोन करायचे. लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी आधी आणि ती नंतर. दरम्यान ती सहाही घरांत जाऊन माफी मागून आली, त्या दोन पिल्लांच्या उपचारासाठी स्वतः दवाखान्यात बसली, आणि काळीला पुन्हा पिल्लं होऊ नयेत म्हणून ऑपरेशनची तारीख घेतली. हे सगळं मला नवऱ्याकडून कळायचं. ती मला फोन कमी करायला लागली होती. मला वाटलं, हरली म्हणून.

पिवळा रोज माझ्यामागे उपकेंद्रात यायचा, मग त्याने तिथल्या पायऱ्या चढणं बंद केलं. दोनच पायऱ्या आहेत. तो खाली उभा राहून माझ्याकडे पाहायचा. मी म्हटलं वजन वाढलं, भात कमी केला. एका सकाळी तो घरातल्या फरशीवर बसला होता, मी हाक मारली, त्याने पुढचे पाय टेकवले, मागचे घसरले, पुन्हा टेकवले, पुन्हा घसरले. मग तो तसाच पडून राहिला आणि शेपटी हलवत राहिला. मी त्याच्या पोटाखाली हात घालून उचलायला गेले तर तो कळवळून ओरडला. तीन वर्षांचा कुत्रा. मी त्याच दिवशी रजा टाकली आणि गाडी केली.

नागपूरच्या डॉक्टरने आधी त्याला व्हरांड्यात चालवून पाहिलं.

"ही चाल लहानपणापासून आहे का?"

"हो," मी म्हणाले. "लोक कौतुक करतात."

"खुबा ढिला असला की कुत्रा असाच चालतो. मांडी जागेवर टिकत नाही, म्हणून अख्खं मागचं अंग हलवून पाय पुढे टाकावा लागतो." मग त्याने विचारलं, "लहान असताना मागचे दोन्ही पाय एकदम उचलून पळायचा का?"

मी मान हलवली. माझ्या फोनमध्ये व्हिडिओ होता.

भूल देऊन, पाठीवर झोपवून, मागचे पाय सरळ ताणून एक्स-रे काढला. मला फार समजवावं लागलं नाही. वाटीत लाडू बसावा तसं हाडाचं गोल टोक खोबणीत बसायला हवं. इथे वाटी नव्हतीच, ताटली होती, आणि लाडू तिच्या काठावर आला होता. दोन्हीकडे. डॉक्टर म्हणाला, वजन उतरवा, फरशीवर चटया टाका, पळवू नका, औषध देतो, पुढे ऑपरेशनचं बघू. आणि मग, "याआधी कधी एक्स-रे काढला होता?"

"नाही."

"पिल्लं झाली आहेत याला?"

"सात."

त्याने फिल्म पाकिटात घालून माझ्या हातात दिली.

नागपूरहून सानगडीला येताना भंडारा लागतंच. ड्रायव्हरला मी सांगितलं, गाव आलं की आत घ्या. काय बोलायचं हे मी वाटेत जुळवत होते. कामाच्या ठिकाणी कोणाला वाईट बातमी द्यायची असली की आधी पाणी मागायचं, बसायचं, मग सांगायचं, हे मला पाठ आहे. यातलं काही जमलं नाही. तिने फाटक उघडलं, मागे काळी उभी होती. गळ्यात, जखम चाटू नये म्हणून घालतात तो प्लॅस्टिकचा भोंगा, पोटावर टाके. ऑपरेशन तीन दिवसांपूर्वी झालं होतं. पिवळा गाडीत अर्धवट भुलीत पडलेला.

मी तिथेच पाकीट पुढे केलं. "हा पिवळ्याचा. आज काढला. आधी काढलाच नव्हता."

तिने फिल्म बाहेर काढून आभाळाकडे धरली. बाबांसारखीच धरली, पण तिला कळत होतं. काळी माझे पाय हुंगत होती.

"काहून खोटं बोलली?" ती म्हणाली. आवाज अजिबात चढला नव्हता.

"तुह्या सांगण्यावरून काढावं नाही वाटलं."

"तू नाही म्हटलं असतं त मीच घेऊन गेली असती त्याले. दुसरं काहीच नोतं लागत." मग ती पायरीवर बसली. "सहा घरी माफी मागतली मी. काळीच्या नावानं. दोघी जणी आजही शाळेत माह्यासंग बोलत नाही."

मी म्हटलं, चुकलं माझं. ती म्हणाली, "मले नको सांगू. त्याईले सांग. आत्ता. माह्यासमोर."

मी तिच्या शेजारी बसले आणि एकेक फोन लावला. स्पीकरवर. माझं नाव, मी कोण, आणि मग, बापाचा एक्स-रे काढलेला नव्हता, मी खोटं सांगितलं होतं, दोष आमच्या कुत्र्यात आहे. पिल्लू आत्ता चांगलं चालत असलं तरी एक्स-रे काढून घ्या, जाड होऊ देऊ नका, गुळगुळीत फरशीवर खेळवू नका, आणि त्याची पिल्लं घेऊ नका. पहिल्या बाई म्हणाल्या, "पण मॅडम तर म्हणाल्या होत्या की काळीमुळे..." मी म्हटलं, "मॅडमची काही चूक नाही." दुसऱ्या घरी एका गृहस्थांनी विचारलं, "तुम्ही आरोग्य खात्यात आहात ना?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "मग कमाल आहे," आणि फोन ठेवला. कोणी ओरडलं, कोणी नुसतं ऐकून घेतलं. सहा फोन झाले. तोंड कोरडं पडलं होतं, तिने पाणी आणून दिलं नाही.

"बाबा राहिले," ती म्हणाली.

"बाबाईले उद्या सांगते. भेटून."

"आत्ताच."

बाबांनी फोन उचलला तेव्हा मागे कोंबड्यांचा आवाज येत होता. मी सगळं सांगितलं, त्यांना ऐकू कमी येतं म्हणून मोठ्याने, तिच्या शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. एक्स-रे काढला नव्हता. खोटं बोलली. ती चाल म्हणजे ऐट नव्हे, दुखणं होय. तुमच्या पिल्लालाही दवाखान्यात न्यावं लागेल, मी येते घेऊन जायला.

मी बोलणी खायची तयारी केली. खरं तर मला ती हवी होती. बाबा माझ्यावर कधी नीट रागावलेसुद्धा नाहीत.

"म्हणजे," बाबा म्हणाले, "लहानीच्या कुत्रीत काहीच खोट नाही?"

"नाही, बाबा."

"अरे वा!" त्यांचा आवाज एकदम उघडला. "लय चांगलं झालं. पोरगी किती दिवसाची कुढून राहिली होती. धड जेवत नोती. ते तिथंच हाय काय? दे बरं तिले फोन."

मी फोन दिला. तिने स्पीकर बंद केला, कानाला लावला आणि "हो बाबा" म्हणत उठून आत गेली. काळी भोंगा दारावर आपटत तिच्यामागे गेली. गाडीत पिवळा जागा होऊन कण्हायला लागला होता, ड्रायव्हर माझ्याकडे पाहत होता. मला लाज वाटायला हवी होती आणि ती नंतर वाटलीही, भरपूर. पण त्या पायरीवर बसून पहिल्यांदा माझ्या मनात एवढंच आलं की बाबा तिच्याशी आता किती वेळ बोलणार.